जुन्या गाडीची चावी हरवली की काय बघायचे, कोणत्या क्रमाने

एमएच-15, म्हणजे आमच्या नाशिक पासिंगची एखादी जुनी गाडी टोचन होऊन गॅरेजला येते, बॉनेट उघडून बघावे तर इंजिन ठणठणीत असते. बिघाड असतो चावीचा. मालक एवढेच सांगतो की "चावी गेली" किंवा "चावी लागत नाही", आणि तोवर कोणीतरी दारात पट्टी घालून रबर फाडलेले असते नाहीतर इग्निशनमध्ये स्क्रू ड्रायव्हर ठोकलेला असतो. चावीपेक्षा त्या उपद्व्यापाचेच बिल मोठे होते. हे काम मी वर्षानुवर्षे करतो आहे, म्हणून ज्या क्रमाने मी बघतो तोच क्रम इथे देतो. रोख मारुती 800, ओम्नी, जुनी झेन, सँट्रो, इंडिका, बोलेरो, कमांडर आणि कुठेतरी शेडमध्ये जपून ठेवलेल्या फियाट-अँबेसिडर यांच्यावर आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांचा विषय वेगळा.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. गाडी लॉक झाली आहे आणि आत लहान मूल किंवा म्हातारे माणूस अडकले आहे, तर खालचे काहीही वाचत बसू नका. 112 ला फोन लावा आणि त्या माणसापासून सर्वात लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. काच परत बसते.

लक्षणे

तुमची तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी ठरवा. प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

- चावी सापडतच नाही.
- चावी काचेतून दिसते आहे, पण दारे लॉक.
- चावी दारात जाते पण फिरत नाही, किंवा वर-खाली हलवल्यावर कधीतरी फिरते.
- इग्निशनमध्ये चावी अडकल्यासारखी, आणि स्टेअरिंगही घट्ट.
- चावी फिरते, स्टार्टर फिरतो, पण इंजिन उठत नाही. किंवा उठून दोन-तीन सेकंदांत मरते. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते.
- गाडी चालू असतानाच चावी बाहेर निघते, खड्ड्यात आदळली की खाली पडते.
- चावी तुटली, अर्धी आत.

चावी फिरवल्यावर दिवे मंद आणि नुसती टकटक होत असेल तर चावीला दोष देऊ नका, बॅटरी बघा. महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीचे हेच होते.

चिप आहे का, हे आधी ठरवा

पुढचा सगळा खर्च या एका गोष्टीवर ठरतो. साधी चावी म्हणजे नुसता पत्रा. खाचा जुळल्या की गाडी सुरू. इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेची एक कॉइल असते, ती चावी जवळ आल्यावर चिपला जागे करते आणि तिचा कोड इंजिनच्या कंप्युटरकडे पाठवते. कोड जुळला नाही तर खाचा कितीही बरोबर असोत, इंजिन चालू राहत नाही.

कार्बोरेटरच्या 800 आणि ओम्नी, पद्मिनी, अँबेसिडर, जुन्या जीप यांत चिपचा प्रश्नच नाही. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत मात्र सरमिसळ आहे: एकाच नावाच्या गाडीच्या एका मॉडेलला चिप असते, दुसऱ्याला नसते. इग्निशन ऑन केल्यावर चावीचा किंवा कुलपाचा दिवा क्षणभर लागून विझत असेल तर बहुतेक चिप आहे. गाडीच्या माहितीपुस्तकात इमोबिलायझरचा उल्लेख सापडला तर शंकाच नको.

पहिली तपासणी: शोधा, पण शिस्तीने (खर्च शून्य)

हसू येईल, पण हरवल्या म्हणून आलेल्या कितीतरी चाव्या त्याच गाडीत निघतात. ड्रायव्हरची सीट आणि मधला हँडब्रेक यांच्यातली फट, सीटच्या रुळांखाली, डिकीत सामान ठेवताना पिशव्यांखाली, बॉनेट उघडून पाणी भरताना बॅटरीशेजारी ठेवलेली. डिकीच्या बाहेरच्या कुलपालाच लटकत राहिलेली चावी तर नेहमीची. फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेली चावीही बघा.

मग उलटे चालत जा. शेवटचा पेट्रोल पंप, शेवटचे दुकान, पार्किंगवाला. रामकुंडावर किंवा सोमेश्वरच्या धबधब्याशी हरवली असेल तर आजूबाजूच्या टपरीवाल्यांना सांगून ठेवा. सापडलेली चावी लोक बहुधा जवळच्या टपरीवरच देतात.

चावी पाण्यात पडून सापडली तर लगेच रिमोटचे बटण दाबू नका. डोके उघडा, सेल काढा, एक दिवस सुकू द्या. चिप बंदिस्त असते, ती सहसा वाचते. मरते ते रिमोटचे सर्किट, आणि तेही ओले असताना सेल जोडलेला राहिल्यामुळे.

दुसरी तपासणी: स्टेअरिंग लॉक (खर्च शून्य)

चावी इग्निशनमध्ये फिरत नसेल तर बहुतेक वेळा चावी आणि कुलूप दोन्ही चांगली असतात. गाडी उतारावर किंवा फुटपाथला चाक टेकवून उभी केली की चाकाचा ताण स्टेअरिंगच्या खिट्टीवर येतो, आणि त्या ताणाखाली खिट्टी मागे सरकत नाही. एका हाताने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवा, ज्या बाजूला थोडे ढिले लागते तिकडे दाबून धरा, आणि दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवा. जोर स्टेअरिंगवर द्यायचा, चावीवर नाही. जुनी पितळी चावी पिळली की आधी वाकते, मग तुटते, आणि फुकटातले काम हजारांत जाते.

तिसरी तपासणी: धूळ, गंज, झीज (दहा-वीस रुपये)

आपल्याकडे एका ऋतूत चिखल आणि दुसऱ्या ऋतूत धूळ. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या दाराच्या कुलपात पाणी जाते, आणि आतल्या पितळी पत्त्यांच्या बारीक स्प्रिंगा गंजतात. पत्ती वर उठली नाही की चावी फिरत नाही.

लोक इथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस घालतात. त्या दिवशी कुलूप लोण्यासारखे फिरते. महिन्याभरात त्या तेलात धूळ बसून काळा चिकट गाळ होतो आणि कुलूप कायमचे जाम होते. त्याऐवजी आधी साफ करणारा स्प्रे मारा, चावी आत-बाहेर करून दरवेळी फडक्याने पुसा. वाळल्यावर ग्राफाइटची पूड घाला. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चावी घालून काढा. शिसे म्हणजे ग्राफाइटच.

मग चावी उजेडात धरून बघा. खाचांचे कोन गोल झालेत का? तसे असेल तर दुखणे चावीचे आहे. आणि आणखी एक: चावी दारात अडते पण इग्निशनमध्ये चालते, की उलटे? दोन्हीकडे अडली तर चावी झिजली, एकीकडेच अडली तर ते कुलूप झिजले. हे कळल्याशिवाय पैसे खर्चू नका.

चौथी तपासणी: चिपच्या गाडीतले फुकटातले दोष

इंजिन उठून मरते आणि दिवा लुकलुकतो, तेव्हा इंजिनचा कंप्युटर उघडण्याआधी या गोष्टी बघा.

रिमोटचा सेल उतरला म्हणून गाडी सुरू होत नाही, असे समजून लोक सेल बदलतात. चिपला सेल लागत नाही. सेल गेला तर दार बटणाने उघडणार नाही, पण चावीने उघडून गाडी सुरू व्हायला हवी.

एकाच कडीत दोन चिपच्या चाव्या आहेत का? नवरा-बायकोच्या दोन गाड्यांच्या चाव्या एकत्र असल्या की कॉइल गोंधळते. दुसरी चावी आणि जाड धातूची कीचेन काढा, इग्निशन बंद करा, थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करा.

आणि सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष: चावीचे डोके तुटले म्हणून बाजारातून घडीची फॅन्सी चावी आणली, पाते आणि रिमोटचे सर्किट नव्यात बसवले आणि जुने कवच कचऱ्यात टाकले. चिप त्या कवचातच चिकटलेली होती. बऱ्याच गाड्यांत ती सर्किटवर नसून वेगळी असते, काळ्या खड्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी, तांदळाच्या दाण्याएवढी ते नखाएवढी. जुने कवच कधीही लगेच टाकू नका. आधी नव्या चावीने इंजिन निदान पाच मिनिटे चालवा.

जुन्या गाडीत मागाहून बसवलेली सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म हे आणखी एक प्रकरण. गाडीला मुळात चिप नसते, पण या सिस्टिमने स्टार्टरची किंवा पेट्रोल पंपाची वायर एका रिलेतून नेलेली असते. तिचा रिमोट हरवला की धातूची चावी हातात असूनही गाडी मुकी. अशा बहुतेक सिस्टिमना त्यांना बंद करणारा एक लपवलेला छोटा स्विच असतो, डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्सच्या मागे. तो कुठे आहे ते बसवणाऱ्याला विचारून आजच बघून ठेवा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर पहिल्या मालकाला फोन करा.

पाचवी तपासणी: दुसरी चावी आणि चावीचा नंबर

खरोखरच हरवली आहे असे ठरले, तर चावीवाल्याकडे जाण्याआधी घरातली फाइल काढा. नव्या गाडीबरोबर दोन चाव्या आणि बहुतेक वेळा एक छोटा धातूचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला येतो, त्यावर चावीचा नंबर कोरलेला असतो. कधी तो नंबर चावीच्या पात्यावरच असतो. हा बिल्ला लोक निरुपयोगी समजून फेकतात, आणि तीच त्या चावीची कुंडली आहे. नंबरावरून चावी कापली की ती कारखान्यातून आली तशी येते.

इथे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण जुन्या गाड्यांचा खरा घोळ इथेच आहे. वीस वर्षे वापरलेली चावी नक्कल करायला दिली की मशिन तिची झीजही जशीच्या तशी उतरवते, वर स्वतःची थोडी चूक घालते. पुढच्या वेळी त्या नकलेची नक्कल होते. तिसऱ्या पिढीची चावी दारात फिरते, डिकीत फिरत नाही, आणि मालक कुलपाला शिव्या घालतो. मूळ चावी जपून ठेवा आणि नक्कल नेहमी तिच्यावरूनच काढा. घरात दोन मूळ चाव्या असतील तर कमी वापरलेली द्या. ती पेटीत पडून राहिलेली, टोकदार खाचांची चावी सोन्यासारखी आहे.

ब्लँक, म्हणजे खाचा न कापलेली कोरी चावी, तीही बघून घ्या. कच्च्या पितळेचा ब्लँक स्वस्त आणि कापायला सोपा, पण इग्निशनच्या रोजच्या वापरात लवकर झिजतो. रोज वापरायची असेल तर निकेलचा मुलामा दिलेला जाड ब्लँक मागा.

सहावी तपासणी: चावीवाला

चावीही नाही आणि नंबरही नाही, अशा साध्या गाडीला शालिमार-मेन रोड भागात बसणारा अनुभवी चावीवाला दोन प्रकारे चावी करतो. एक म्हणजे ठसा घेऊन: कोरा ब्लँक कुलपात घालून दाबून फिरवतो, पत्त्यांनी उठवलेल्या खुणा बघतो आणि तेवढ्याच जागी कानशीने घासतो. पुन्हा घालतो, पुन्हा बघतो. हात बसलेला माणूस हे गाडीशेजारी उभ्या उभ्या करतो. दुसरा प्रकार म्हणजे दाराचे कुलूप खोलून आतल्या पत्त्यांच्या उंचीवरून चावी बनवणे. काही कुलपांच्या अंगावर नंबरही सापडतो. एक अडचण लक्षात ठेवा: काही गाड्यांत दाराच्या कुलपात इग्निशनपेक्षा पत्त्या कमी असतात. अशी चावी दार उघडेल पण गाडी सुरू करणार नाही, उरलेल्या खाचा इग्निशनवर घासाव्या लागतील. म्हणून भाव ठरवताना "गाडी सुरू करून देण्याचे" ठरवा.

अँबेसिडर-फियाटच्या मालकांनी दार, इग्निशन आणि डिकी यांना एकच चावी धरून चालू नये. इतक्या वर्षांत कुलपे बदललेली असतात. प्रत्येक कुलूप वेगळे तपासून घ्या.

जो चावीवाला आरसी आणि ओळखपत्र न मागता चावी करून देतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो उद्या तुमच्या गाडीचीही चावी तशीच दुसऱ्या कोणाला करून देईल. काम तुमच्या डोळ्यांसमोर व्हावे. निघण्याआधी नवी चावी सगळ्या दारांत, डिकीत आणि इग्निशनमध्ये फिरवून बघा, इंजिन सुरू करा, स्टेअरिंग लॉक लावून सोडवा.

चावी आत राहिली असेल तर पट्टीचा प्रयोग स्वतः करू नका. जुन्या 800 मध्ये तो कधी जमतो. पण पॉवर विंडोच्या गाडीत दाराच्या पोटात वायरी आणि काचेची यंत्रणा असते, आणि पट्टी त्यातच अडकते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

चावी तुटून आत राहिली आणि टोक बाहेर दिसत असेल तर पातळ नाकाच्या चिमट्याने सरळ ओढून बघा. टोक आत गेले असेल तर थांबा. फेविक्विक लावून काडी चिकटवण्याचा उपाय फिरत असतो. त्याने बरेचदा पत्त्याच चिकटतात आणि सगळे कुलूप जाते.

चालत्या गाडीत चावी निघत असेल तर एक दिवसही पुढे ढकलू नका. इग्निशनच्या पत्त्या झिजल्या आहेत, आणि अशा स्विचला भलतीच चावीही लागते. चालताना स्विच बंद स्थितीत सरकून स्टेअरिंग लॉक पडले तर कसारा घाटात काय होईल ते सांगायला नको. जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिन दोरी ओढून बंद करायचे, त्यामुळे तिथे लोक या दोषाकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करतात. स्विच ऑन राहून बॅटरी उतरते ती वेगळीच.

स्टेअरिंग कॉलम उघडायची वेळ आली की हत्यार खाली ठेवा. स्टेअरिंग लॉक ज्या बोल्टने बसवतात त्याचे डोके कारखान्यात मुद्दाम तोडलेले असते, म्हणजे पाना लागूच नये. ते ड्रिल करून काढावे लागतात. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरला हात लावणे हे घरगुती काम नव्हेच.

चिपच्या गाडीच्या सगळ्या चाव्या हरवल्या तर अधिकृत सर्व्हिस सेंटर, किंवा ज्याच्याकडे त्या मॉडेलचे प्रोग्रॅमिंगचे यंत्र आहे असा माहीतगार. एक चावी हातात असताना दुसरी बनवणे स्वस्त पडते. एकही नसताना तेच काम कितीतरी महाग होते, काही गाड्यांत कंप्युटरपर्यंत जावे लागते. जाताना उरलेल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत नव्याने प्रोग्रॅमिंग करताना जुनी नोंद पुसली जाते, आणि घरी राहिलेली चावी निकामी होते. याचा फायदाही आहे: हरवलेली चावी यादीतून काढून टाका म्हणून आवर्जून सांगा.

चावी कुठे पडली ते माहीत नाही आणि तिच्यावर गाडीचा नंबर किंवा घरचा पत्ता होता, तर साध्या गाडीला लॉकसेट बदलणे किंवा पत्त्या बदलून घेणे याशिवाय मार्ग नाही.

गाडी ओढून न्यायची असेल तर स्टेअरिंग लॉक असताना दोरीने टोचन करू नका, ती वळणारच नाही. सपाट पाठीची गाडी मागवा, आणि फोनवरच सांगा की चावी नाही, गाडी गिअरमध्ये आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 वर मदत मागता येते.

दुसरी चावी कुठे ठेवायची

गाडीत नाही. चुंबकाच्या डबीत घालून चॅसिसला चिकटवलेली चावी एका पावसाळ्यात तरी गळते किंवा चोराला सापडते. एक घरी ठरलेल्या जागी, एक शहराच्या दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. तुम्ही इंदिरानगरला असाल तर पंचवटीतल्या मावशीकडे.

चिपची गाडी असेल तर एक युक्ती जरूर करा: चिप नसलेली साधी पत्र्याची चावी कापून घ्या आणि पाकिटात ठेवा. किरकोळ पैशांत होते. गाडी सुरू होणार नाही, पण आत राहिलेली खरी चावी काढायला दार उघडेल, आणि पाकीट चोरणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. ती घालून एकदा दार उघडून बघा. काही गाड्यांचा अलार्म वाजतो.

नंबरचा बिल्ला कडीतून काढून फाइलमध्ये ठेवा, नंबर वहीत लिहा. चावीचा फोटो कुठेही टाकू नका. स्वच्छ फोटोवरून खाचा मोजता येतात. कडीवर फोन नंबर चालेल, गाडीचा नंबर नको.

सेकंडहँड गाडी घेताना ती नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करण्याआधी दोन्ही चाव्या, बिल्ला आणि अलार्मचा रिमोट हातात घ्या, आणि व्यवहाराच्या कागदावर "चाव्या दोन" असे लिहून घ्या. एकच असेल तर दुसरीच्या खर्चाएवढी रक्कम किमतीतून कमी करायला लावा.

विम्याचेही बघा. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि एक नसेल तर दावा अडतो. म्हणून चावी हरवली त्याच आठवड्यात पोलिसांत हरवल्याची नोंद करा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि नव्या चावीचे किंवा लॉकसेटचे बिल त्या पत्राच्या प्रतीसोबत फाइलला लावा. पॉलिसीत चावी बदलण्याचे जादा संरक्षण घेतले असेल तर पैसेही मिळतात. पण काम करून घेण्याआधी कंपनीला फोन करा, कारण काही कंपन्या आधी कळवण्याची अट घालतात.